सीताबाईच्या गळ्यातल्या धाग्याचा खुलासा

पवनी,
ता. १६ जानेवारी १९८०

तीर्थस्वरूप टिकारामदादा यांस,

पवनीहून तुमचे जावई घनश्याम यांचा साष्टांग नमस्कार. जावयानं साळ्याला साष्टांग घालायचा नसतो, आपल्याकडे साळाच जावयाच्या पाया पडतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण पत्र संपेपर्यंत तुम्हालाही वाटेल की घातला ते बरंच केलं. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. धान चुरून झालं का, मळणी उरकली का? मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? नसेल निघाली तर हे पत्र तुमची बहीण, म्हणजे माझी बायकोच, तुम्हाला वाचून दाखवत असणार. (मनकर्णा, मधलं काही गाळू नकोस. तुला सवय आहे.)

इकडे सगळं उत्तम आहे. एक्स-रेचा धंदा जोरात आहे, जेवायला फुरसत नाही. नागपूरच्या दवाखान्यातली अकरा वर्षांची पगाराची नोकरी सोडून, त्यांनीच टाकून दिलेलं यंत्र मी दोन बैलबंड्यांत घालून पवनीला आणलं, तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "जवाईबापू, माणसाच्या हाडाचा धंदा कोणी करते का?" तेव्हा मी तावातावानं तुम्हाला विज्ञान समजावलं होतं. आता सांगतो, हाडाचं काही अवघड नाही. गल्लीतली राईस मिल चालू असली की वीज दबते, म्हणून मिलवाला जेवायला गेला की घाईनं फोटो काढायचे. तेवढं सांभाळलं की हाडं आपोआप येतात. अवघड आहे ते गळ्याचं.

छातीचा फोटो काढायचा तर गळ्यातलं सगळं उतरवावं लागतं, आणि आपल्याकडची बाई मंगळसूत्र उतरवत नाही. तुमच्या बहिणीनं यावर तोड काढली होती. ती आधी बाईच्या गळ्यात हळकुंड बांधलेला पिवळा धागा घालायची, कपाळावर नव्यानं कुंकू लावायची, आणि मगच मंगळसूत्र काढून स्वतःच्या मुठीत धरून दारात उभी राहायची. बाई निर्धास्त, फोटो स्वच्छ. पार कोंढा-कोसऱ्याकडच्या बायका यायच्या. उगाच नाही मी पाटीवर 'मनकर्णा एक्स-रे' लिहिलं. (तू तेव्हा लाजून दोन दिवस पुढच्या दारानं ये-जा केली नव्हतीस.)

आता दिवाळीचं. दादा, चूक माझी होती. फिल्मा वाळवायला जागा नव्हती म्हणून मी एक ओली फिल्म देवघरातल्या खिळ्याला अडकवली, आणि ऐन लक्ष्मीपूजनाला मनकर्णानं समई लावली तर लक्ष्मीच्या मागे कुण्या म्हाताऱ्याची कंबर उजळली. ती एवढंच म्हणाली, "या घरात देवाले जागा नाही, तं मले कुठी रायणार?" मी गप्प बसायचं तर म्हणालो, "जा माहेरी, माझं काही अडत नाही." ती भाऊबीजेला आठ दिवसांसाठी म्हणून तुमच्याकडे आली. त्या आठ दिवसांना परवा संक्रांत झाली.

अडलं, दादा. दुसऱ्याच आठवड्यात अडलं. बाया येतात, ओसरीवर बसतात, विचारतात, "मनकर्णाबाई कुठी हाय?" नाही म्हटलं की उठतात. "माहा नवरा जित्ता असताना मी गळा कायले खाली करू?" ज्या थोड्या थांबल्या, त्यांचे फोटो मंगळसूत्रासकट काढून भंडाऱ्याच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांची चिठ्ठी आली, 'मणी सुरेख आहेत. फुप्फुस सापडल्यास पाठवावे.'

म्हणून गेल्या मंगळवारी मी ठरवलं की आपणच बांधू. मनात काही पाप नाही, देवाशपथ. सीताबाई खोकत आली होती, वय वर्षं बासष्ट, नवरा भय्याजी बाकावर काठी घेऊन बसलेला. मी धागा हळदीत बुडवला, हळकुंड अडकवलं आणि चारचौघांत तिच्या गळ्यात घालून मागे गाठ मारायला लागलो. हळकुंडाचा धागा पुरुषानं बाईच्या गळ्यात बांधला तर त्याला काय म्हणतात, हे अख्ख्या ओसरीला कळलं, फक्त मला कळलं नाही. भय्याजी काठी उगारून उठले, "अबे घनश्या, काय करून राहिला बे? चाळीस वरसं झाले तिले माह्या घरी!" सीताबाई जागची हलली नाही. म्हणाली, "बसा न जी गपचूप. एवढ्या वरसात तुमी तरी कवा पायलं माह्या गळ्याकडे?"

त्या दिवशी ओसरीवर तुमच्या सिहोऱ्याचा एक पाहुणा होता. त्यामुळे जावयानं पवनीत दुसरं लग्न केलं, ही बातमी तुमच्याकडे माझ्या आधी पोचली असणार. खुलासा असा की गाठ अर्धीच बसली होती.

आता पुढचं खरं तर दादांसाठी नाही. (मनकर्णा, इथून मनात वाच.) मी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायचो तेव्हा तू बाहेर तांदूळ निवडायचीस आणि एक सूप झालं की कडी वाजवायचीस. तेवढ्यात फिल्म बरोबर तयार व्हायची. आता मी घड्याळ घेऊन बसतो. फिल्म बिघडत नाही, पण बाहेर कोणी नाही हे ठाऊक असल्यामुळे मला दार उघडावंसं वाटत नाही. घर खायला उठतं म्हणतात ते खोटं आहे. घर काहीच करत नाही, नुसतं बसून असतं माझ्यासारखं. मला तुझी फार आठवण येते. हे तोंडानं सांगायला मला जमलं नसतं.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि जिला यातलं काहीच लागू नाही तिला जे हवं ते.

तुमचा,
घनश्याम

ता. क. धंदा जोरात आहे असं वर लिहिलं ते जावयाची लाज राखायला. चार दिवस कुलूप आहे. सीताबाईचा खोकला वाढला आहे, पण ती म्हणते, "मनकर्णा येईन तवाच काढतो."

ता. क. फिल्मा आता गोठ्यात वाळतात. गाय दोन दिवस बुजली होती.

ता. क. (पेन्सिलीनं लिहितो आहे, माफी असावी.) उत्तर पोस्टानं पाठवू नये. हे पत्र मी पोस्टात टाकलंच नाही. सकाळपासून तीन बस बदलून आलो आणि तुमच्या घरासमोर बाबुलालच्या पानठेल्यावर बसलो आहे. बोलावल्याशिवाय आत यायची हिंमत होत नाही म्हणून पत्र त्याच्या हाती दिलं. दादा, डोळ्यावर पट्टी असेल तर तुम्ही उठू नका. वाचणारीनंच दारापर्यंत यावं. येते म्हणाली नाही तरी चालेल. नुसती दिसली तरी पुढचे काही दिवस निघतील.