अब्बांची दाढ कशानं टिकली

अब्बा, आज शाळेतल्या एका बाईंच्या दाढेवर सिरॅमिकची कॅप बसवली. कॅप जाड, रंग गडद. दोन नळ्यांचं सिमेंट मिसळलं, निळा लाईट तिन्ही बाजूंनी धरला आणि बाईंना सांगितलं, "आज या बाजूनं चावू नका. उजेड पोचत नाही तिथंही हे घट्ट होतं, पण त्याला वेळ लागतो." दारव्ह्यात माझ्यासारखी कॅप कोणी बसवत नाही, हे मी सांगते आणि लोकही सांगतात.

दवाखाना उघडला तेव्हा मात्र डिग्री होती, लाईट होता, कॅपला पेशंट नव्हता. कापसाला भाव नाही म्हटल्यावर लोक फक्त दात काढायला यायचे, कॅप कोण बसवून घेणार? तुमच्याही दुकानात दुरुस्तीला येणारे फवारणीचे पंप कमी झाले होते. तुम्हीच म्हणाले, "माह्यावर कर सुरुवात." तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं काळवंडलेल्या दातांत मिसळून जावी म्हणून मी गडद रंगाची कॅप मागवली, आणि सिमेंट घेतलं ते फक्त उजेडानं घट्ट होणारं. लाईट धरणार तोच तुम्ही विचारता, "एवढ्या जाड कॅपच्या आड तुहा लाईट पोचते काय, बेटा?" मी कागदावर उरलेला सिमेंटचा थेंब लाईटखाली धरून दाखवला. दगडासारखा झालता. "तो त उघड्यावर हाय," तुम्ही म्हणाले. "अब्बा, तुम्ही आपले पंप पाहा!" मी फटकारलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन दुकानात आले, तर तुम्ही स्टुलावर जबडा आवळून बसलेले. चहा नाही, खर्रा नाही, तोंडातून शब्द नाही, नुसतं हातानं 'जा'. वाटलं, उलट बोलले म्हणून रागावले. मीही तोंड फुगवून निघाले. पुढं पाच वर्षं, दाढ तपासू म्हटलं की एकच उत्तर, "पक्की हाय. हात नोको लावू."

तुम्ही गेल्यावर, तुमच्या चाळिसाव्याला अम्मीनं सांगितलं. कॅप त्याच तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी खाताना निघाली होती. तुम्ही ती धुतली, पंपाच्या टाकीला भेग पडली की लावायचे तो दोन नळ्यांचा गोंद मिसळला, कॅप बसवली आणि तो वाळेपर्यंत दात दाबून धरले. "पोरीले सांगशीन त पाहाय," असा अम्मीला दम. दुसऱ्या कोणी तोंडात असलं काही घातलं असतं, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. तुमच्यावर रागावताच येईना, मी हसत हसत रडत बसले.

ही चिठ्ठी कुठं टाकणार? लाईटच्या खालच्या ड्रॉवरमध्ये राहू दे. शिकायला येणाऱ्या पोरींना मी सगळं शिकवते, थेंब तपासायचा तो कॅपच्या आड ठेवून, हेसुद्धा. आणि छाती ठोकून सांगते, माझी पहिली कॅप त्या माणसाच्या शेवटच्या दिवसापर्यंत हलली नाही. कोणाच्या गोंदानं, ते अजून सांगितलं नाही.