नाक खाली

४ सप्टेंबर

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद. सांगावं की लपवावं हे ठरत नव्हतं, म्हणून पत्राला उशीर. मी विमान चालवायला शिकतेय. बसलास का खाली? बस.

जन्मभर शाळेची बस चालवली. निवृत्तीनंतर घरात गंज चढायला लागला, तेव्हा सरळ फ्लाइंग क्लबात नाव घातलं. शिकवणाऱ्या मास्तरीणबाई तुझ्याहून लहान, पण आवाज हेडमास्तरांचा.

उड्डाण जमतंय, वळणं जमतायत. गाडी अडलीय ती 'स्टॉल'पाशी. विमानाचं नाक वर ओढत गेलं की एका कोनानंतर हवा पंखाच्या पाठीला धरून वाहायची सोडते. इंजिन चालूच असतं, पण पंख विमानाला पुरेसं तोलून धरत नाही आणि नाक खाली पडतं. अशा वेळी नाक वर-खाली करायचा हातातला दांडा पुढे ढकलायचा, म्हणजे नाक आणखी खाली! माझे हात नेमके तो पोटाशी ओढतात. काल तर खालच्या पेडलवर पाय वाकडा पडून एक पंखच कलला. बाईंनी विमान स्वतःकडे घेतलं. हे जमेपर्यंत एकटीला सोडणार नाही म्हणाल्या.
तुझी आई

१३ सप्टेंबर

ती. आईस,
कृ. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचता वाचता बेकरीत पावाचा अख्खा ट्रे करपला. हिला सांगितलं, तर ही टाळ्या वाजवायला लागली. मला मात्र घास गोड लागेना.

आई, तुझं नाक आजवर कुणापुढे खाली गेलं नाही, ते आता विमानात कसं जाणार? थट्टा सोड, पण बाबा गेल्यावर मला तू एकटीच आहेस. हा नाद सोडून दे. रागावू नकोस.
तुझा बाळ्या

२ ऑक्टोबर

चि. बाळ्यास,
आशीर्वाद. रागावले नाही. दोन दिवस मीही सोडायच्याच विचारात होते. तसं बाईंना सांगायला गेले, तर त्या पंखावर चिकटपट्टीनं लोकरीचे तुकडे लावत बसलेल्या. आज नाकाकडे बघू नका, लोकरीकडे बघा, एवढंच म्हणाल्या.

सावरायला जागा हवी म्हणून खूप उंच गेलो. आधी लोकर तेल लावून विंचरलेल्या केसांसारखी चापून बसलेली. मी नाक हळूहळू वर घेतलं, तशी आपल्या खुर्चीजवळची लोकर उठली, गरगरली, उलटी फिरली. पण टोकाकडची अजून शांत! पंख बनवतानाच त्याला किंचित पीळ दिलेला असतो, म्हणून आधी मुळाकडचा भाग हार मानतो आणि टोकं तोल सांभाळायला उरतात. माझ्यासारख्या वेंधळ्यांचा कुणीतरी आधीच विचार करून ठेवलाय.

मी दांडा पुढे केला आणि लोकर पुन्हा चापून बसली. हवा परत आली, बाळ्या, डोळ्यांनी पाहिली मी! नंतर बाईंनी लोकरीकडे न बघता करून दाखवायला लावलं. तेही जमलं.

भीती अजून वाटते. पण कशाची, ते आता कळतं.
आई

११ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न. 'सोड' हा शब्द मागे घेतो. ही म्हणते, आधीच घ्यायला हवा होता. एकच विनंती. एकटी जाशील तेव्हा आधी कळवू नकोस, उतरल्यावर कळव.
तुझा बाळ्या

२० ऑक्टोबर

चि. बाळ्यास व सूनबाईस,
आशीर्वाद. उतरले. हे आधी लिहिते.

आज सकाळी एक फेरी मारून जमिनीवर आल्यावर बाईंनी मधेच विमान थांबवायला लावलं, रिकाम्या खुर्चीचा पट्टा बांधला आणि एक फेरी मारून या म्हणत उतरूनच गेल्या. त्यांचं वजन नाही, त्यामुळे माझी तयारी व्हायच्या आत विमान वर! उतरण्याआधीच्या वळणावर नाक जरा चढलं, वेग पडू लागला. घाबरायचं सुचण्याआधीच हातानं दांडा पुढे सारला. म्हणजे आपल्याला येतंय की, असं मी मोठ्यानं म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं.

टेकताना एक उडी बसली. बाहेर येऊन बघते तर बाईच रडतायत. मग मीच त्यांना पाणी दिलं.

परवान्याला अजून बराच अभ्यास आहे. मिळाला की तुम्हाला वर नेणार. शेजारी जागा एकाचीच आहे, तेव्हा आधी कोण यावरून आत्तापासूनच भांडायला लागा. लोभ आहेच, तो असाच राहू दे. काळजी तेवढी कमी करा.
तुमची आई