सुपरवायझरचा बिल्ला

८ जानेवारी, सोमवार
आजपासून मी सुपरवायझर! पॅशलीसाहेबांच्या मासे-चिप्सच्या दुकानात सात वर्षं बटाटे सोलले, शेवटी कदर झाली. पितळी बिल्ला मिळाला, तासाचा पगारही जरासा वाढला. आईने पलंगावरूनच बिल्ला डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला. बाबा हवे होते म्हणाली.

१० जानेवारी
हिशेब केला. आईची देखभाल करतो म्हणून सरकार मला भत्ता देतं. अट एकच, नोकरीतली आठवड्याची कमाई ठरलेल्या मर्यादेत हवी. नव्या पगाराने मी दोन पौंड वर जातो. दोन पौंडांसाठी कोण दारात येतंय? तरी कळवलेलं बरं. उद्या नक्की.

११ जानेवारी
भत्त्याच्या ऑफिसला फोन लावला. नुसतं संगीत. आईला बाथरूमला न्यायचं होतं, ठेवला. प्रयत्न केला हे महत्त्वाचं.

१० मार्च, इथला मदर्स डे
हिलरीताई लीड्सहून डॅफोडिल्स घेऊन आली. आईने फुलं बाजूला ठेवून आधी तिला माझा बिल्ला दाखवला. ताईने स्वयंपाकघरात गाठलं. सेल्विन, कळवलंस ना? दोन पौंड वर गेलास तर दोनच पौंड कापत नाहीत रे, अख्खा भत्ता जातो! मॅनेजमेंटच्या माणसाला शिकवू नकोस, मी म्हणालो. ती फुलं पाण्यात ठेवायला वळली. पटलं असावं.

१९ मार्च
ऑफिसचाच फोन. ताईचंच खरं निघालं. जानेवारीपासूनचा सगळा भत्ता परत करायचा. बाई फार सभ्यपणे बोलत होती, त्याने जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतून आईने विचारलं, कोण रे? दुकानातून, म्हणालो. तुझ्याशिवाय पान हलत नाही त्यांचं, म्हणाली. खूश होती.

२१ मार्च
तोडगा सापडला! वाढलेला पगार साहेबांनी परत घ्यावा, पद राहू द्यावं. असं करार-मदार करणं मला जमतं.

२२ मार्च
गिऱ्हाइकांसमोर विचारायला नको होतं. साहेब हसून हसून काउंटरवर आडवे. काय सेल्विनराव, पगार कमी करा म्हणणारा पहिलाच इसम बघतोय! मग जवळ येऊन हळू म्हणाले, जुन्या पगारावर ये हवं तर, पण मग सुपरवायझर डोरीनला करतो. डोरीन माझ्यानंतर तीन वर्षांनी लागली. तरी हो म्हणालो. रांगेत शेजारच्या थ्रेलफॉलबाई उभ्या होत्या. त्यांच्याकडे न बघता मी त्यांच्या चिप्सवर चार थेंबांऐवजी अर्धी बाटली व्हिनेगर ओतलं. बिल्ला परत मागायचं साहेब विसरले. मीही आठवण करून दिली नाही.

२९ मार्च, गुड फ्रायडे
आज मांस वर्ज्य, सगळ्यांना मासाच हवा. वर्षातला सगळ्यात मोठा धंदा, रांग पार चौकापर्यंत. डोरीन हुकूम सोडत होती, मी बटाटे सोलत होतो. घराच्या फाटकाशी थांबून बिल्ला खिशातून काढून छातीवर लावला. रोजच लावतो. आईने मासा खाता खाता विचारलं, आज किती जणांना कामाला जुंपलंस? सगळ्यांना, म्हणालो. मी हे तिच्यासाठीच करतो.

२ एप्रिल
आईला खरं काय ते आज सांगणार होतो. तिचा गुडघा दुखतोय. आज नको.

६ एप्रिल
आईला पलंगावरून खुर्चीत उचलून ठेवत होतो. ती हळूच म्हणाली, घरी तो बिल्ला काढून ठेवत जा रे, उचलताना टोचतो. कधीपासून, विचारलं. जानेवारीपासून, म्हणाली. तू एवढ्या ऐटीत असायचास, कसं सांगणार? आणि थ्रेलफॉलबाईने दुकानातलं सगळं सांगितल्यावर तर बोलवेचना.
तिने गाऊन खांद्यावरून खाली केला. ओरखडेच ओरखडे. काही जुने, काही कालचे. तिला रोज अंघोळ घालतो मी. म्हातारपणाची कातडी, अशीच व्हायची, असं समजत होतो. देखभालीचा भत्ता घेत होतो.
बिल्ला काढला. मलम कुठे ठेवलंय ते आईलाच विचारावं लागलं.