दारात उभी लीलाबाई

तांडा, दिग्रसजवळ
१० नोव्हेंबर २०२४

चि. उज्ज्वलास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पाकीट पाहून हसशील. घरात फोन असताना भावाला पोस्ट कशी आठवली, म्हणशील. पण फोनवर बोलायला लागलो की याडी शेजारी येऊन बसते, आणि लिहायचंय ते आपल्या या आईबद्दलच. तिच्यासमोर कसं बोलू?

आपल्या लीलाबाईला जाऊन वर्ष होत आलं. ऊसतोडीला गेली ती तापानं तिकडेच संपली, मातीही तिकडेच झाली. याडीनं लेकीचं तोंड पाहिलं ते जावयानं पाठवलेल्या फोटोत. तेव्हा ती रडली नाही. आपण म्हटलं, घट्ट मनाची आहे.

दिवाळीपासून मात्र ती रडते. साधं रडत नाही. लेक सासरहून आली की आपल्या बाया दारातच गळ्यात पडून चालीवर रडतात, वर्षाचं सुखदुःख त्यातच सांगतात, मग पाणी, मग घरात पाऊल, तसं. शाळेतल्या मैत्रिणी सोबत असल्या की तुला त्या रडण्याची किती लाज वाटायची! तेच रडणं याडी भर दुपारी दारात रडते. हात कुणाच्या तरी गळ्यात असल्यासारखे वर धरलेले असतात, आणि समोर कुणी नसतं. पहिल्या दिवशी तुझी प्रेरणावहिनी पाहुणी आली समजून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली. तो तांब्या तिच्या हातातून पडला.

विचारलं तर याडी शांतपणे सांगते की लीला आली हाये, डोक्यावर गाठोडं हाये, बोलत काही नाही. तिले रडून घेतलं नाही तर ते आत कशी येईन, असं मलाच विचारते.

सेवाभायाच्या मंदिरात भोग लावला. नेमसिंग भगतानं लिंबू उतरवलं. गुरुवारी दर्ग्यावर नेलं. तिथल्या मुजावरांनी सगळं ऐकून घेतलं, दोरा बांधला आणि म्हणाले की ही बाधा नाही, माँ की ममता है, हिला रागावू नका. मी रागावत नाही गं, मला भीती वाटते. तू मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स आहेस. काय करू ते कळव.

बांच्या खोकल्याला आराम आहे. जेवत जा, उपवासाचं सोंग करू नकोस.

तुझा
सुनीलभाऊ


नागपूर
१८ नोव्हेंबर २०२४

ती. सुनीलभाऊस शि. सा. न. वि. वि.

पत्र ड्युटीवर जाताना बसमध्ये उघडलं आणि माझा थांबा निघून गेला. लिंबू उतरवायला वेळ होता तुला, दवाखान्याला नव्हता! नेमसिंगकाकांना माझा नमस्कार सांग आणि त्यांची लिंबं सरबताला ठेव.

रागाचं झालं. आता नीट वाच. याडीला यवतमाळला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे ने. यात लाज कसली? आमच्या वॉर्डात एका आजीला ऐन दुपारी अजान ऐकू येते. एका चर्चमधल्या सिस्टर होत्या, त्यांना गेलेली आई खाटेच्या पायथ्याशी बसलेली दिसायची. एका काकूंच्या अंगात देवी यायची. आमचे डॉक्टर कुणालाच खोटं पाडत नाहीत. झोप येते का, जेवण जातं का, भीती वाटते का, ते काही करायला सांगतात का, एवढं विचारतात. कुणाला औषध लागतं, कुणाला नुसतं बोलणं पुरतं. हे ठरवायचं काम त्यांचं आहे, तुझं नाही आणि माझंही नाही.

तुला म्हणून सांगते, हे सगळं मला पाठ असूनही आपली याडी हवेला मिठी मारते आहे, हे मला सहन होत नाही. हे थांबव भाऊ. काहीही करून थांबव.

बांना आणि वहिनीला नमस्कार. धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
उज्ज्वला


तांडा
२२ डिसेंबर २०२४

चि. उज्ज्वलास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणालीस तसं केलं. डॉक्टर भले माणूस आहेत, याडीशी कितीतरी वेळ बोलले. ती रात्ररात्र जागते, एक वेळचंच खाते, हे आम्हाला तिथंच कळलं. गोळ्या सुरू झाल्या आणि याडी झोपू लागली. दुपारचं रडणं थांबलं. मी तुला पेढे पाठवणार होतो.

पण परवा मानोऱ्याहून मावशी आली. लीलाबाई गेल्यानंतर दोघी बहिणींची पहिलीच भेट. मावशीनं दारातच गळ्यात हात टाकला आणि चाल धरली. याडी खांबासारखी उभी राहिली. मग तिनं मावशीचे हात काढून बाजूला केले, आणि सगळ्यांदेखत सांगितलं की मले गोळी सुरू हाये, रडाची मनाई हाये. मावशी पाणी न पिता आल्या पावली गेली. शोकाच्या घरी सख्ख्या बहिणीचं रडणं परत केलं, असं तांड्यात कधी झालं नव्हतं. आता कुणी बाई आमच्या दारापुढून जात नाही.

डॉक्टरांनी मनाई केली नव्हती गं. तिचं तिनंच ते धरलं. आपण तिचं दुपारचं रडणं थांबवायला निघालो, तर तिला वाटलं सगळंच रडणं आजार आहे.

काल भाकरी थापता थापता तिनं मला विचारलं की मी दार लावून घेतलं, आता लीला कुठी जात असन? तिले दुसरं दार कोणतं हाये? मी उठून वावरात गेलो. खरं सांगू, दुपारी आता मलाच त्या दाराकडे पाहवत नाही. ती रडायची तेव्हा एवढी भीती वाटत नव्हती.

गोळ्या बंद करू का? लगेच लिही.

तुझा
सुनीलभाऊ


नागपूर
३० डिसेंबर २०२४

ती. सुनीलभाऊस शि. सा. न. वि. वि.

गोळ्या आपल्या मनानं बंद करू नकोस. मी डॉक्टरांशी फोनवर बोलले. ते याडीला पुन्हा बोलावणार आहेत, मात्रा पाहणार आहेत, आणि रडायला मनाई नाही हे स्वतः तिच्या तोंडावर सांगणार आहेत. मावशीकडे तू स्वतः जा, पाया पड, तिला घेऊन ये. दोघींना दारात पोटभर रडू दे आणि तू मध्ये तोंड घालू नकोस.

आता पुढचं वाचताना वहिनीही जवळ नको.

शनिवारी दुपारी क्वार्टरवर भात वेळत होते. दार उघडंच होतं. कुणीतरी आल्याचं कळलं. आवाज नव्हता, पाऊलही नव्हतं, तरी कळलं. मी दारात गेले. मला काही दिसलं नाही भाऊ, ते खोटं सांगणार नाही. पण माझे हात वर गेले, आणि जे रडणं मला कधी येत नव्हतं, ज्याची मला लाज वाटायची, ते चालीसकट गळ्यातून आलं. उसाच्या फडाचं आलं, तापाचं आलं, फोटोचं आलं. शेजारची मरियम धावत आली आणि काही न विचारता तांब्याभर पाणी उंबऱ्याबाहेर ठेवून गेली.

याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. उद्या आमच्या डॉक्टरांना सांगणार आहे, त्यांनी औषध दिलं तर घेणार आहे. त्याची तू काळजी करू नकोस.

याडीला मात्र आजच सांग, की लीलाबाई नागपूरला आली होती, मी तिला रडून आत घेतलं.

तुझ्या मायेत राहू दे,
उज्ज्वला