एक तरी कलम

४ ऑगस्ट
पोचले एकदाची. कशेळीच्या ट्रॅफिकने जीव खाल्ला, पण बाग पाहून राग पळाला. बाहेर गोडाऊनच्या रांगा, आणि इथे दीड पुरुष उंच दगडी भिंतीच्या आत चिक्कू, जाम, विहीर, राहायला मला एक खोली. मधोमध हबीबाआपांच्या पणजोबांनी लावलेला आंबा. तो आता अर्धा वाळलाय. त्याच्या काड्यांची कलमं बांधायला आपांनी मला नोकरीवर ठेवलंय. एक तरी जगलं तर बाग राहणार, नाहीतर त्यांचे भाऊ एजाजभाई ती गोडाऊनसाठी विकणार. आपांनी सांदणं खाऊ घातली आणि एक नियम सांगितला: बागेत हात कापला तर आधी बाहेर जाऊन धुवायचा. जुन्या घरांत असलं काहीतरी असतंच. मी हो म्हटलं.

९ ऑगस्ट
पद्धत साधी. खुंटाच्या, म्हणजे रोपाच्या, अंगाला काप घ्यायचा, त्यात काडी बसवायची, वर मेण लावलेली पट्टी. पट्ट्या आपांच्या लूमवरच्या कापडाच्याच. काडी फुटली की खुंटाचा शेंडा छाटायचा, म्हणजे सगळा जोर काडीला. माळी जान्याला हे तीनदा समजावलं. तो मान डोलावतो आणि सर आली की पाटी टाकून भिंतीबाहेर जाऊन भिजतो. का, तर म्हणे आतला पाऊस अंगावर घ्यायचा न्हाय. अशाने कामं व्हायची कधी?

१८ ऑगस्ट
सगळी कलमं काळी पडली. पुन्हा बांधली, पुन्हा काळी. नुसता वैताग. पाणी बरोबर, चाकू रोज उकळते, तरी मेलं एक धरत नाही. एजाजभाई टेप लावून भिंत मोजून गेले. मला नाचता येईना म्हणून अंगण वाकडं, असंच त्यांना वाटत असणार. रडूच आलं.

२१ ऑगस्ट
काडी अंगठ्याकडे ओढून तासताना चाकू सटकला. उजवा अंगठा फाटला, काडीची ढलपी आत राहिली. जान्या ओरडला, "बाय, ती पट्टी नको बांधू, भायेर चल." दार पार त्या टोकाला, हातात शेवटची बरी काडी. खड्ड्यात गेला नियम, म्हटलं. कलमाचीच पट्टी अंगठ्याला गुंडाळली आणि काम पुरं केलं.

२६ ऑगस्ट
पट्टी निघत नाही. कातडीत रुतलीय. दुखत नाही, त्याचीच जास्त चीड येते. दवाखान्यात जायला निघाले. डाव्या हाताने बागेच्या दाराची कडी काढली. उजव्याने परत लावली. पुन्हा काढली. पुन्हा लावली.

३० ऑगस्ट
डाव्या हाताने लिहितेय, अक्षर घाण — जान्या येत नाही. फोन उजव्या हाताने विहिरीत टाकला. मी नाही टाकला — हात माझं ऐकत नाही.
अंगठ्यातून कोंब. तांबूस, मऊ. आंब्याचा.

२ सप्टेंबर
पान उलगडलं.
आपा बाहेरून दार ठोकतायत, पूर्वा पूर्वा म्हणून. एजाजभाई पहार आणायला गेलेत — लवकर आणा —
आपा, एक जगलं. बाग राहील.
उजव्या हाताने चाकू उचलला. तो काय करणार मला ठाऊक आहे, मीच शिकवलं ना — काडी फुटली की खुंटाचा —