अण्णाचे सोवळे

आगबोटीवरून, पौष वद्य

तीर्थस्वरूप आईच्या पायांवर व्यंकोबाचे मस्तक.

मी खुशाल आहे. उद्या पिनांग बंदरात हे पत्र टपालात घालीन. कुंभकोणात गारठा असेल. तुझा खोकला कसा आहे? इथे पौषातही घाम फुटतो. धाकटा मुकुंदा मागून येईल, तेव्हा त्याला लोकरीची बंडी देऊ नकोस. पातळ धोतरे आणि छत्री दे.

अण्णा याच समुद्रात बुडाला, पेटी तेवढी परत आली. थोरल्यामागे त्याचे सोवळे धाकट्याने नेसायचे ही आपल्या घरची रीत, म्हणून तू ते मला दिलेस. मी अजून नेसलो नाही. माझ्या पेटीतले बाकी कपडे कोरडे असतात, ते सोवळे तेवढेच रोज ओलेचिंब निघते. खलाशी म्हणतात, खारी हवा. असेलही.

काळजी करू नकोस. माझे सोवळे घरीच राहिले आहे. काही झाले तरी ते मुकुंदाच्या पेटीत घालू नकोस.

तुझे लेकरू,
व्यंकोबा