खुंटीवरचं मापक

प्रिय शुंगो,

अनेक आशीर्वाद. खारवलेले आलुबुखार यंदा छान मुरलेत, बरणी सोबतच्या खोक्यात आहे. बाबा बरे आहेत असं मागच्या पत्रात लिहिलं होतं, ते खोटं होतं. देवघरासमोर बसून खोटं लिहिलं, म्हणून आज तिथेच बसून खरं लिहिते.

तू शाळेत असताना नववर्षाच्या मोचीवरून, त्या चिकट तांदळाच्या गोळ्यांवरून, मला तुमचं शास्त्र शिकवलं होतंस, आठवतं? मोठा गोळा फोडून म्हणालास, "आई, हा जड अणूचा गाभा. एक कण येऊन धडकला की हा फुटतो, उष्णता देतो नि आणखी दोन-तीन कण उडवतो. ते पुढच्यांना फोडतात. त्याच उष्णतेवर पाणी उकळायचं, वाफेनं चाक फिरवायचं." मग दोन चिमुकले गोळे दाबून एक केलेस. "आणि हे सूर्याचं काम. हलके गाभे जोडायचे. पण तेवढी आच धरून ठेवणारं भांडं अजून कुणाला नीट जमलेलं नाही." बाबा तोंडातला घास सांभाळत म्हणाले, "तुझा सूर्य उगवेपर्यंत माझे दात पडतील. तोवर आमची फोडणारी भट्टीच तुमचे दिवे लावणार!" केवढे हसलो आपण. मी विचारलं, फुटलेल्या तुकड्यांचं काय होतं रे? ते वर्षानुवर्षं किरण सोडत राहतात, असं तू अगदी सहज म्हणालास. माझी भीती तेव्हाची आहे.

भट्टी तपासणीसाठी बंद झाली की बाबा आत नळ घासायला जात. छातीवर किरण मोजणारं मापक, त्याच दोरीत मी दिलेला देवळातला ताईत. महिनाअखेरीचा आकडा मी माझ्या वहीत उतरवून घ्यायची. काम जितकं अवघड, तितका आकडा लहान! देवापुढे भात ठेवून मी हात जोडायची, तुझीच कृपा म्हणायची. सगळ्याचा हिशेब ठेवणारी मी, पण कामाची नि आकड्याची ओळ शेजारी-शेजारी वाचायची अक्कल काही आली नाही.

बाबांना रक्ताचा आजार झालाय. गेला महिनाभर इस्पितळात आहेत. मदतीसाठी अर्ज केला, तर कचेरीतले म्हणाले, "बाई, नोंदीप्रमाणे यांना किरण फारसे लागलेलेच नाहीत." तशीच इस्पितळात जाऊन बाबांना विचारलं, तर भिंतीकडे तोंड फिरवून म्हणाले, "किरणांची वर्षाची मर्यादा भरली की बिनपगारी घरी बसवतात गं. मुरासे मुकादम दारातच म्हणायचा, 'काय कुवाबारा, ते यंत्र दमलं असेल, खुंटीवर जरा टेकू दे की!' सगळेच लटकवायचे." आणि ताईत? तोही त्याच दोरीत. ज्या कृपेचे मी आभार मानत होते, ती दाराबाहेर लटकत होती.

"पोराला कळवू नकोस, पहिल्याच दिवशी हात थरथरतील त्याचे," असं बाबांनी बजावलंय. पण सोमवारी तू तुझ्या अणुवीज केंद्रात पहिल्यांदा आत जाणार, म्हणूनच तर लिहिते. थरथरू देत हात. तिथेही एक खुंटी असेल, आणि तिच्याशेजारी हसून बोलणारा कुणीतरी मुरासे असेल. खोक्यात तीन बनियनं आहेत. छातीवरच्या खिशाला मी झाकण लावून दोन-दोन बटणं शिवलीत, दोरा दुहेरी घातलाय. मापक त्यात ठेव आणि बाहेर येईपर्यंत बटण काढू नकोस. आकडा भरला तर भरू दे, घरी ये. या वेळी ताईत पाठवलेला नाही. खिशात एकाचीच जागा आहे. देवाला मी तसं सांगितलंय.

तुझीच,
आई